दसरा काढा, पण कोळी राहू द्या

पितृपंधरवडा सुरू झाला आहे. घट बसायला जेमतेम दहा दिवस राहिलेत. आमच्या साताऱ्यात आत्तापासूनच गच्च्यांवर गोधड्या आणि सतरंज्या पसरलेल्या दिसू लागल्या आहेत. दसरा काढणं म्हणजे काय, हे घाटावरच्या माणसाला सांगायला नको. घरातली एकूण एक चिंधी धुऊन निघते, डबे घासून ओट्यावर पालथे पडतात, आणि लांब काठीला केरसुणी बांधून, तोंडाला पदर गुंडाळून, कुणीतरी छताची जळमटं काढत असतं. मला ह्या काठीबद्दल बोलायचं आहे. घाईने बोलायचं आहे, कारण छताचं काम आटोपलं की ही काठी उद्या-परवा अंगणात येईल.

हात जोडून सांगते, तिला अंगणात आणू नका.

अंगणात, परसात, गेटच्या खांबापाशी, जिन्याच्या खिडकीबाहेर सध्या चाकासारखी गोल जाळी दिसताहेत. ही जाळी वेगळी आणि घरातली जळमटं वेगळी. जळमट म्हणजे बहुतेक वेळा सोडून दिलेलं, धूळ खात लोंबणारं जुनं जाळं. ते खुशाल काढा, मीही काढते. गोल जाळं हा चालू कारखाना असतो. त्याच्या मध्यावर, नाहीतर जवळच्या पानाआड, मालकीण बसलेली असते. पावसाळाभर खाऊन-पिऊन ती आत्ता कुठे पूर्ण वाढली आहे आणि तिच्या पोटात अंडी आहेत. थंडी संपेपर्यंत ह्यातल्या बहुतेक माद्या अंडी घालून आपल्या आपण मरून जातील. म्हणजे आपल्याला हात आवरायचा आहे तो चार-पाच महिने. पण आज काठी फिरली तर एक कोळी मेला एवढ्यावर ते थांबत नाही, पुढच्या वर्षीची सगळी वीणच जाते.

(ह्या मादीला काय म्हणावं हा मराठीतला एक पेचच आहे. कोळीण म्हटलं की डोळ्यांपुढे मासळीबाजार उभा राहतो. तिथेही जाळंच असतं म्हणा.)

मी मूळची संगमेश्वराकडची. कोकणात घराची मोठी साफसफाई होते ती गणपतीआधी. तेव्हा ह्या माद्या लहान असतात, कुणाच्या नजरेत भरत नाहीत, आणि आपसूक वाचतात. घाटावर दसरा काढतात तो नेमका त्या बोटभर झाल्या की. लग्न होऊन इथे आले त्या पहिल्या वर्षी, नवी सून काहीतरी करून दाखवावं म्हणून, मागच्या दारापासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत पसरलेली पाच मोठी जाळी मी एका सकाळी काठीला गुंडाळून काढली. पिवळसर सोनेरी धागा केरसुणीला असा चिकटला की तो ओढताना तुटेना. सासूबाई ओट्यावर बसून बघत होत्या. एवढंच म्हणाल्या, "अगं, ती आत कुठं येत होती?" ह्या वाक्याला त्या दिवशी मला उत्तर सुचलं नाही. पुढे तीसेक वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, तरी अजून सुचलेलं नाही.

त्या सोनेरी धाग्याची मालकीण आधी ओळखून घेऊ, कारण लोक सगळ्यात जास्त हिलाच घाबरतात आणि सगळ्यात आधी हिलाच मारतात. इंग्रजीत हिला जायंट वुड स्पायडर म्हणतात, शास्त्रीय नाव नेफिला पिलिपीस. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना ही सर्रास आढळते. काळं लांबट शरीर, त्यावर पिवळे पट्टे, काळे लांब पाय. नुसतं अंगच तीन ते पाच सेंटिमीटर भरतं, आणि पाय पसरले की ती आपल्या तळहाताएवढी होते. जाळं मीटरभर व्यासाचं सहज असतं, आणि त्याला ताणून धरणारे दोर दोन झाडांमध्ये, नाहीतर थेट पाणंदीच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत गेलेले असतात. ऊन तिरपं असताना बघा, जाळं खरोखर सोन्यासारखं दिसतं. ती रोज नवं जाळं विणत नाही, फाटलेला भाग दुरुस्त करत त्याच जाळ्यावर ठाण मांडून राहते. म्हणून तर ती महिना महिना एकाच जागी दिसते आणि आपल्याला वाटतं, हिने मुक्काम ठोकला.

तिच्या जाळ्यावर कडेकडेने पाच-सहा मिलिमीटरचे तांबूस कोळी दिसतील. बघणारे म्हणतात, पिल्लं आहेत. ती पिल्लं नव्हेत, ते तिचे नवरे. एकाच जाळ्यावर तीन-चार जण आपला नंबर लागायची वाट बघत, जीव मुठीत धरून बसलेले असतात. आणखी बारकाईने पाहिलं तर चांदीच्या थेंबासारखे चिमुकले कोळी दिसतात. हे वेगळ्याच जातीचे. मोठ्या बाईच्या जाळ्यात अडकलेली चिलटं चोरून खायची, एवढाच त्यांचा धंदा. एका जाळ्यावर असं अख्खं वाड्यासारखं कुटुंब नांदतं, भाडेकरू आणि फुकटे धरून. अंडी घालायची वेळ आली की नेफिलाची मादी जाळं सोडून खाली उतरते आणि जमिनीत अंडी घालते. तेव्हा एक दिवस ती अचानक दिसेनाशी झाली आणि जाळं ओस पडलं, तर निदान झाडाखालची माती लगेच खुरप्याने खणू नका.

दुसरी आपली सहीवाली. आर्जिओपी ही तिची प्रजाती. तुळशीवृंदावनाशेजारी, जास्वंदीत, झेंडूच्या वाफ्यात, गुडघ्याच्या उंचीवर ती सापडते. अंग सेंटिमीटरभर, त्यावर पिवळे, तपकिरी, चंदेरी पट्टे. आठ पाय ती दोन-दोनच्या जोड्यांनी असे जुळवून ठेवते की फुलीच बसली आहे असं वाटावं. त्या पायांच्या रेषेत जाळ्यावर पांढऱ्या रेशमाची नागमोडी वीण असते, कधी पूर्ण फुली, कधी एक-दोनच रेघा. इंग्रजीत म्हणूनच तिला सही करणारी कोळी म्हणतात. ही सही कशासाठी, ह्यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. कुणी म्हणतं त्या विणीवरून परावर्तित होणारे अतिनील किरण किड्यांना ओढून आणतात, कुणी म्हणतं पाखरांनी जाळं फाडू नये म्हणून दिलेली ही सूचना आहे. मला दुसरं पटतं, पण ते माझं आपलं शिक्षिकेचं मत. घरात लहान मुलं असतील तर त्यांना तिच्यासमोर बसवा आणि जाळ्यावर अगदी हलकी फुंकर मारायला सांगा. ती सगळं जाळं अशा वेगाने हलवते की तीच धूसर होऊन जाते. आमचा नातू हे दिवसातून चार वेळा करायचा. शेवटी मी त्याला थांबवलं, कारण तिलाही काही काम असतं.

तिसरी बहुतेकांनी पाहिलेलीच नसते, पण तिचं जाळं तोंडावर घेतलेलं असतं. निओस्कोना. तपकिरी, केसाळ, चण्याएवढी. दिवसभर वळचणीला किंवा गुंडाळलेल्या पानात पाय आखडून बसते, दिसतही नाही. दिवेलागणीला बाहेर येते आणि गेटवरच्या दिव्याखाली कामाला लागते. एकदा खुर्ची टाकून हे बघाच. टीव्हीवरच्या एका मालिकेइतका वेळ लागतो. आधी चाकाचे आरे टाकते, ते चिकट नसतात. मग मध्यापासून बाहेर एक विरळ सुकं वेटोळं घालते, पाय ठेवायला, गवंड्याच्या परांचीसारखं. मग बाहेरून आत येत चिकट धाग्याचं दाट वेटोळं विणते आणि येता येता ती सुकी परांची काढून टाकत जाते. सकाळ व्हायच्या आत बहुतेक वेळा सगळं जाळं गोळा करून खाऊन टाकते. धाग्यातली प्रथिनं तिच्या पोटात जातात आणि रात्रीच्या नव्या धाग्यात येतात. मुंडक उपनिषदात ब्रह्मापासून विश्व कसं होतं आणि त्यातच कसं परत जातं, हे सांगायला हाच दाखला घेतला आहे: स्वतःतून धागा काढणारा आणि स्वतःतच परत घेणारा कोळी. तो लिहिणाऱ्यानेही कधीतरी संध्याकाळी बसून ही जाळ्याची उलथापालथ पाहिली असणार, असं मला नेहमी वाटतं.

बाकीच्यांची ओझरती ओळख. संक्रांतीच्या हलव्याच्या दाण्यासारखी काटेरी, टणक पाठीची, पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांची एक असते, ती गॅस्टराकँथा. ते काटे तिचेच, जाळ्यात अडकलेल्या कुठल्या बीचे नव्हेत. बोगनवेलीच्या किंवा मेंदीच्या कुंपणात सकाळच्या दवात जो बारीक मलमलीचा तंबू ताणलेला दिसतो, तो सिर्टोफोराचा. त्याचा धागा चिकट नसतो, आणि तंबूच्या वर माळेसारखे लोंबतात ते अंड्यांचे कोष. जाळ्याच्या मध्यावर उभी कचऱ्याची रेघ असेल तर हात लावू नका, त्या कचऱ्यातला एक कण म्हणजे सायक्लोसा बसलेली असते. हळदीच्या पानांत, विहिरीपाशी, जवळजवळ आडव्या जाळ्यावर चांदी आणि हिरवा रंग चमकला तर ती ल्यूकॉज.

आणि घराच्या आत, भिंतीवर रात्री जो पसरट, हाताच्या पंजाएवढा तपकिरी कोळी धावतो, तो ह्यातला नव्हेच. तो जाळं विणत नाही, झुरळं धरतो. मादीने छातीखाली पांढरी चपटी टिकलीसारखी पुरचुंडी धरलेली दिसली तर ती अंडी. छताच्या कोपऱ्यातले काडीसारखे लांब पायांचे कोळी तेवढे जळमटांचे धनी. त्यांच्याशी तुमचं काय भांडण असेल ते तुम्ही आणि तुमची काठी बघून घ्या.

आता भीतीबद्दल. "विषारी आहे का हो?" हा पहिला प्रश्न असतो, आणि उत्तर प्रामाणिकपणे द्यायचं तर होय, जवळजवळ सगळेच कोळी विषारी असतात. माशी गार करायला ते विष लागतं. गंमत म्हणजे गोल जाळं विणणाऱ्यांतच यूलोबोरिडी नावाचं एक कुळ असं आहे की त्याला विषाच्या ग्रंथीच नाहीत, ते भक्ष्याला नुसतं धाग्यात करकचून गुंडाळतं. पण आपल्या अंगणातल्या जाळेवाल्यांचं विष माणसासाठी नसतं. ह्या कोळ्यांची नजर अधू असते, सगळा कारभार धाग्याच्या कंपनांवर चालतो. आपण आलो की त्या जाळ्याच्या कडेला पळतात किंवा धागा सोडून खाली उडी टाकतात. मुठीत दाबला, कपड्यात चिरडला, तरच कोळी चावतो. चावलाच तर गांधीलमाशी चावल्यासारखं दुखतं, लाल होतं, काही तासांनी उतरतं. सूज वाढत गेली किंवा श्वासाला त्रास झाला तर डॉक्टर, हे कुठल्याही डंखाला लागू आहे.

खरी बदनामी वेगळीच आहे. "कोळी मुतला." अंगावर पाण्याने भरलेले बारीक फोड उठले, आग व्हायला लागली, की आपल्याकडे हे निदान ठरलेलं. आणि ते आजचं नाही. संस्कृतात लूता म्हणजे कोळी, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ एक त्वचारोग. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात लूतांच्या विषाची मोठी चर्चा आहे. इतक्या जुन्या आरोपीची बाजू मांडताना माझा आवाज थोडा चढला तर समजून घ्या.

कोळी माणसाच्या अंगावर मुतून फोड आणत नाही. पावसाळ्यात आणि पावसाळा सरता सरता असे फोड येतात, त्यातले पुष्कळ एका किड्याचे असतात. मुंगीपेक्षा थोडा मोठा, सडपातळ, एक पट्टा नारिंगी, एक काळा, असा तो दिसतो. पीडेरस नावाचा हा भुंगेरा रात्री ट्यूबलाइटकडे येतो. चावत नाही, डंख मारत नाही. मानेवर वळवळला म्हणून आपण थप्पड मारतो, तो चिरडतो, आणि त्याच्या अंगातला दाहक द्रव कातडीवर पसरतो. लगेच काही होत नाही, म्हणून त्याचं नावही येत नाही. दुसऱ्या दिवशी चाबूक ओढल्यासारखा लाल चट्टा आणि फोड येतात. कोपराच्या घडीत चिरडला असेल तर दोन्ही बाजूंना ठसा उमटतो. तोवर घरात कुठेतरी कोळी दिसलेला असतोच, मग पंचनामा पूर्ण. हा किडा अंगावर बसला तर फुंकर मारून उडवा. चिरडला गेलाच तर तेवढी जागा लगेच साबण-पाण्याने धुवा आणि तो हात डोळ्याला लावू नका. (त्यालाही शोधून मारू नका, भातातली कीड खाऊन तोही शेतकऱ्याचं काम करतो.)

ह्याहून गंभीर गोष्ट म्हणजे नागीण. अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे फोड, आणि फोडांच्या आधीपासूनच ठणका. हा लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचाच विषाणू, शरीरात दबा धरून बसलेला, वय झालं किंवा शक्ती कमी पडली की उठतो. त्यावर औषध आहे, पण फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केलं तर ते सगळ्यात चांगलं लागू पडतं. डोळ्याच्या आसपास नागीण असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायला हवा. आमच्या नात्यातल्या एका आत्यांना कोळी मुतला म्हणून घरच्यांनी पाच दिवस गेरू लावला, कुणाकडून तरी मंत्र घालून आणला. फोड गेले, ठणका वर्षभर राहिला. कोळ्यावर घातलेल्या खोट्या आळाची किंमत अशी माणसालाच मोजावी लागते. तेव्हा ह्या आवाहनातलं बाकी काही नाही पटलं तरी एवढं करा. फोड आले की कोळ्याचं नाव घेत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

कोळी ठेवून फायदा काय, असं विचारणाऱ्यांना मी मोठमोठी आश्वासनं देणार नाही. जाळ्यात डास सापडतात, चिलटं सापडतात, वांग्या-भेंडीवर अंडी घालायला आलेले पतंग सापडतात, भाताच्या खाचरावर आडवी जाळी टाकणारे लांबोळके कोळी तुडतुडे आणि खोडकिड्याचे पतंग धरतात. तसंच, एखादी मधमाशी आणि एखादं फुलपाखरूही जातं, हेही खरं. पण चार कोळी ठेवले म्हणजे डेंगी टळला असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. डेंगीचा डास दिवसा चावतो आणि तुमच्या गच्चीवरच्या उघड्या पिंपात जन्मतो. आठवड्यातून एकदा पिंप कोरडं करणं हे माणसाचंच काम आहे. कोळ्यांचा हिशोब सगळा मिळून मांडावा लागतो. २०१७ साली मार्टिन नायफेलर आणि क्लाउस बिर्कहोफर ह्या दोन अभ्यासकांनी तो अंदाज मांडला: जगभरातले कोळी मिळून वर्षाला ४० ते ८० कोटी टन भक्ष्य फस्त करतात, त्यात बहुतेक किडे. आपल्या मागच्या दारचं जाळं हा त्या पंक्तीतला एक पाट आहे.

सोसायट्यांच्या सेक्रेटरींना आणि पेस्ट कंट्रोल ठरवणाऱ्यांना वेगळी विनंती आहे. दिवाळीआधी सरसकट बाहेरच्या भिंती, जिने, झाडं फवारून घेण्याची जी पद्धत पडली आहे ती थांबवा. माझ्या मुलीच्या ठाण्याच्या संकुलात गेल्या वर्षी असं फवारलं. जिन्याच्या खिडक्यांत पाय आखडून मेलेले कोळी मी स्वतः सुपलीत भरले. झुरळं मात्र पंधरा दिवसांत परत आली, कारण ती गटारात होती आणि फवारा भिंतीवर होता. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ह्या जातीची औषधं कोळी-मधमाशी बघत नाहीत, आणि माशांना तर ती फारच घातक. विहिरीत डासांसाठी गप्पी मासे सोडायचे आणि विहिरीच्या काठावर हे फवारायचं, हा कुठला शहाणपणा? झुरळांसाठी स्वयंपाकघरात जेल लावून घ्या, वाळवीसाठी जिथे वाळवी आहे तिथे करा. कंत्राटदाराला तोंडी सांगून भागत नाही. "बागेत आणि बाहेरच्या भिंतींवर फवारणी नको" असं कामाच्या कागदावर लिहून घ्या.

पण वाटेतच जाळं असेल तर? हा प्रश्न रास्त आहे, रोज सकाळी तोंडावर जाळं कुणाला हवं असतं. जाळं फाडू नका, त्याच्या एका बाजूचा आधाराचा दोर काडीने तोडून दुसऱ्या बाजूला सारा. दोन-तीन दिवस असं केलं की बहुतेक माद्या जागा बदलतात. निओस्कोना गेटवर येते ती दिव्यावरच्या किड्यांसाठी. दिवा झोपताना बंद करा किंवा पांढऱ्याच्या जागी पिवळा लावा, तीही दिव्याबरोबर मागे सरकेल. अगदी उचलायचीच वेळ आली तर संध्याकाळी, एक रुंद तोंडाची बरणी आणि लग्नपत्रिकेचा एक पुठ्ठा घ्या. बरणी समोरून धरा, पुठ्ठा मागून सरकवा, आणि दहा-पंधरा पावलांवरच्या झुडपात तिला उतरवून द्या. नेफिलाला मीटरभर मोकळी जागा लागते, तिला कुंडीत सोडून उपयोग नाही. रंगारी येणार असतील तर जाळी आदल्या दिवशी हलवा, त्यांच्या ब्रशवर सोडू नका. बिचारे उंचावर असतात, अचानक कोळी दिसला की हात झटकतात.

कामाला येणाऱ्या मावशींना, माळीकाकांना हे समजावून सांगायला लागतं, कारण झाडू त्यांच्या हातात असतो आणि "स्वच्छ केलं नाही" हा बोलही त्यांनाच लागतो. आमच्या मावशींना मी फक्त एकदा दुपारी सहीवाली दाखवली. आता त्याच मला सांगतात, "ताई, तुमची ती आज मोठी माशी धरून बसलीय." घरातल्या थोरांना "घरात जळमट म्हणजे अवदसा" हे मनापासून वाटत असेल तर वाद घालू नका. त्यांना सांगा, घरातलं सगळं काढलं, ही घराबाहेर आहे. लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीलाच हळदकुंकू वाहतो. त्या लक्ष्मीच्या हातून महिनाभर आधी अंगणात एवढं रक्त कशाला सांडायचं? (कोळ्याचं रक्त निळसर असतं म्हणे, लाल नसतं, पण मुद्दा तोच.)

शाळांना एक सांगणं आहे. जगात कोळ्यांच्या ५०,००० हून जास्त जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि आपल्या दाराशी कोणत्या आहेत हे आपल्यालाच नीट ठाऊक नाही. बी. के. टिकादारांनी भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुणे केंद्रात काम केलं, १९८२ साली गोल जाळी विणणाऱ्या भारतीय कोळ्यांवर ग्रंथ दिला, आपल्या गेटवरच्या निओस्कोनांतल्या एका जातीला नाव दिलं. ते काम संपलेलं नाही. २०२१ साली ठाण्यात सापडलेल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला मुंबईवरच्या २६ नोव्हेंबरच्या दहशतवादी हल्ल्यात कसाबला धरून ठेवणाऱ्या पोलीस तुकाराम ओंबळे यांचं नाव दिलं गेलं, इशियस तुकारामी. ठाण्यासारख्या गजबजलेल्या शहरात जे सापडतं, ते तुमच्या शाळेच्या कुंपणात सापडणार नाही कशावरून? सहामाही परीक्षेनंतरच्या एका सकाळी मुलांना वही-पेन्सिल घेऊन बाहेर काढा. जाळं उभं की आडवं, जमिनीपासून किती वीत, कोळी मध्यावर की पानाआड, एवढं टिपलं तरी पुष्कळ. हात लावायचा नाही, चुन्याची पूड जाळ्यावर उडवायची नाही. फोटोला जाळं उठून दिसावं म्हणून ती हौस मोठी माणसंही करतात.

आमच्या मागच्या दारी यंदा दोन नेफिला आहेत. एक पेरू आणि कंपाउंडच्या मध्ये, एक कपड्यांच्या दोरीच्या वर, हात पुरेल एवढ्या उंचीवर. मंगळवारी रंगारी येणार आहेत. दोरीवरचीला मी काल संध्याकाळी हलवली, पेरूवालीला राहू दिलंय. तिच्याखालून जायच्या वाटेवर उदबत्तीच्या खोक्याचा पुठ्ठा लटकवला आहे आणि नातवाने त्यावर स्केचपेनने मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे, "वाकून जा. वर विणकाम चालू आहे." पाऊस आला तर शाई ओघळेल म्हणून त्याने तो प्लास्टिकच्या पिशवीत घातला. तुमच्याकडेही खोकी असतीलच, आणि दसरा काढताना ती बाहेरच टाकायची असतात.